बाबांचा खोकला आणि भावाचा व्हिसा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका २७ वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिचे वडील २००५ ते २०१० इराकमध्ये होते, बगदादच्या उत्तरेला बलदच्या अमेरिकन तळावर, एका कंत्राटदाराच्या लाँड्रीत. तळाचा सगळा कचरा तिथेच उघड्यावर जाळायचे. परत आल्यावर त्यांनी कर्ज काढून टिप्पर घेतला, २०१२ला मायनिंग बंद पडलं, टिप्पर विकावा लागला. आता ते ५४चे आहेत. दोन-तीन वर्षं कोरडा खोकला आहे, देवळाच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबतात, एक्सरे मात्र नॉर्मल आला. आणि आता तिच्या २३ वर्षांच्या भावाला तशाच एका कॅम्पात हेल्परची नोकरी मिळतेय, कुवेतमार्गे इराक. वडील म्हणतात जाऊ दे, मी पाच वर्षं काढली, मेलो नाही. तिने जेवताना विषय काढला तर ते ताट सोडून उठले. त्यात ओळखीचा एक एजंट १५ हजार मागतोय, मोबाइलवर व्हिडिओ दाखवून म्हणतो अमेरिका धुराची भरपाई देतेय, फॉर्म मी भरतो. ती विचारते, "भावाला कसं अडवू? आणि बाबांना कसं पटवू की त्या धुरानेच त्यांची फुप्फुसं खराब केली?"

अगं, आधी त्या जेवणाच्या रात्रीबद्दल बोलूया, कारण मला वाटतं सगळं तिथेच अडलंय. तू काय म्हणालीस ते तूच लिहिलंयस, "तिथे जाऊन तुम्ही तब्येतीची वाट लावून घेतली." तू काळजीनेच बोललीस, पण बाबांनी काय ऐकलं असेल बघ. घराचा स्लॅब त्या पैशाचा, तुझी कॉलेजची फी त्या पैशाची, आजीचं ऑपरेशन त्या पैशाचं, हे सगळं तुझ्याच पत्रात आहे. टिप्परचं कर्जही त्याच कमाईच्या जोरावर काढलेलं, आणि टिप्पर तर गेला. मायनिंग बंद पडल्यावर आपल्याकडे घराघरात काय झालं ते तुला मी सांगायला नको, बँकेचे हप्ते आणि दारात उभे ट्रक. म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यात 'मी घरासाठी हे केलं' असं छाती पुढे करून सांगण्यासारखं जे उरलंय ते बलदच आहे, आणि तेच चुकलं असं लेकीने म्हटल्यावर तो ताटावरून उठणारच ना.

आणि अजून एक शक्यता आहे जी तुझ्या लक्षात आली नसेल कारण तू तेव्हा शाळेत होतीस. २००४मध्ये इराकमध्ये तीन भारतीय ट्रक ड्रायव्हरांना ओलीस धरलं होतं, त्यानंतर आपल्या सरकारने कामासाठी इराकला जायला बंदी घातली आणि ती २०१०पर्यंत होती. तरीही लोक कुवेतला जातो सांगून पुढे आत जातच होते, कितीतरी जणांना तर कुवेतला उतरल्यावर कळायचं की काम इराकमध्ये आहे. बाबा २००५ला गेले म्हणजे नेमके बंदीच्या काळात. तिथले कागद ते कुणाला दाखवत नाहीत, ट्रंकेला कुलूप असतं असं तू लिहिलंयस, त्यावर मला वाटतं यात थोडी भीतीही असावी, की आपण काहीतरी बेकायदा केलं होतं आणि आता ते उकरलं जाईल. असंच असेल असं नाही. पण शक्य आहे, म्हणून त्यांचं गप्प बसणं हा फक्त हट्ट आहे असं धरून चालू नकोस.

आता धुराकडे येऊ. बलदचा कचरा जाळायचा खड्डा साधासुधा नव्हता. साधारण १० एकर, आपण गोव्यात चौरस मीटरमध्ये बोलतो तर ४० हजार चौरस मीटर, आणि त्यात दिवसाला १०० ते २०० टन कचरा जळायचा. जेवणाची थर्मोकोलची ताटं, पाण्याच्या बाटल्या, टायर, रंग, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा, सगळं एकत्र, आणि पेटवायला विमानाचं इंधन. प्लास्टिक असं कमी आचेवर उघड्यावर जळलं की डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं, शिवाय अतिशय बारीक कण जे फुप्फुसात खोलवर जातात. तिथे इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळायच्या बंद भट्ट्या, बसून खड्डा बंद झाला तो २००९च्या शेवटी, म्हणजे बाबांची जवळपास सगळी नोकरी त्या धुरात गेली. २०१९ला सोनसड्याला कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती तेव्हा मडगाव-कुडतरीकडच्या लोकांचे काही दिवसांत डोळे-घसे कसे झाले होते ते आठव. तिथे ते रोजचं होतं.

म्हणजे तू चिडलीयस ते उगीच नाही. पण 'त्या धुरानेच' हा शब्द तू पत्रात तीनदा लिहिलायस आणि त्यातला 'च' मला खटकतो.

कारण अमेरिकेतही हा वाद वर्षानुवर्षं चालला. तिथल्या तज्ज्ञांच्या राष्ट्रीय समितीने २०११मध्ये आणि परत २०२०मध्ये उपलब्ध सगळा अभ्यास चाळला. २०२०चा निष्कर्ष असा की या तळांवर राहिलेल्यांमध्ये जुनाट खोकला, दम लागणं आणि छातीत शिट्टी वाजणं याचा संबंध दिसतो पण पुरावा मर्यादित आहे, आणि दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), कॅन्सर वगैरेंबद्दल ठाम काही म्हणायला पुरेसा पुरावा नाही. कारण कुणी किती धूर घेतला त्याचं माप कुणीच ठेवलं नव्हतं, आणि तिथे एकटा खड्डा नव्हता तर धुळीची वादळं, डिझेल जनरेटर, गाड्यांचा धूर हे सगळंच होतं. पुरेसा पुरावा नाही म्हणजे धूर निर्दोष आहे असं नव्हे हं, मोजलंच नाही तर सापडणार काय.

आणि बाबांच्या छातीत फक्त बलद नाहीये. तूच लिहिलंयस की ते २० वर्षं सिगरेट ओढायचे आणि चार वर्षांपूर्वी सोडली. मग दोन वर्षं टिप्परवर लाल धूळ. आणि एक गोष्ट तू सहज जाता जाता लिहिलीस तिथे मी थांबले, की रोज पहाटे न्हाणीत पाणी तापवायचं भाण पेटवायचं काम बाबांचं, आणि ओली लाकडं पेट घेत नाहीत म्हणून ते दुधाच्या पिशव्या घालतात. अगं, तोच तर धूर आहे! खड्डा लहान झाला एवढंच, आणि ते त्याच्यासमोर वाकून फुंकर मारतायत. आपल्याकडे हे घराघरात चालतं, संध्याकाळी अंगणातला पाचोळा पेटवायचा आणि त्यात रॅपर, डायपर, काय असेल ते ढकलायचं. डिसेंबर २०१६मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, ५ हजार रुपये दंड आहे, पण वाड्यावर कोण कुणाला विचारतो. तर हे उद्यापासून बंद. गीझर नसेल तर गॅसवर तापवा, तेही नसेल तर फक्त सुकी लाकडं, काजूची टरफलं किंवा प्लास्टिक काही न घालता, आणि पेटवायचं काम दुसऱ्या कुणीतरी दार उघडं ठेवून करायचं, बाबांनी नाही. कारण कुठलंही निघो, हे करून फायदाच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की कुणामुळे झालं हे आधी पटवायचं आणि मग डॉक्टरकडे न्यायचं हा क्रम उलटा कर. डॉक्टरकडे जायला बाबांनी काही कबूल करायची गरजच नाहीये. दम लागतो, एवढं पुरेसं आहे.

एक्सरे नॉर्मल आला म्हणून तुम्ही सगळे निवांत झालात, त्याबद्दल. इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या ८० अमेरिकन सैनिकांचा एक अभ्यास २०११मध्ये छापून आला होता. सगळ्यांना व्यायामाला दम लागायचा. त्यातल्या ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला तर ३८ जणांच्या बारीक श्वासनलिका आक्रसलेल्या निघाल्या. या ३८ जणांचे एक्सरे सगळेच्या सगळे नॉर्मल होते, आणि सीटी स्कॅनमध्येही साधारण चौथ्या हिश्श्यालाच काही दिसलं. (यातले बरेच जण २००३ला मोसुलजवळ गंधकाच्या कारखान्याला लागलेल्या आगीच्या धुरात होते, त्यामुळे सगळं खड्ड्यावर ढकलता येत नाही, तेही लक्षात ठेव.) बाबांना हेच आहे असं मी म्हणत नाही, त्यांच्या बाबतीत सिगरेटमुळे सीओपीडी किंवा वयात आलेला दमा जास्त संभवतो, हृदयही बघावं लागेल, आणि आपल्या देशात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटलं की टीबी आधी बाजूला काढायलाच हवा. सांगायचं एवढंच की एका एक्सरेवर आणि एका सिरपच्या बाटलीवर हे प्रकरण मिटत नाही.

तर गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, छाती विभागात न्या, आरोग्य केंद्रातून रेफरल चिठ्ठी घेऊन गेलात तर धावपळ कमी होईल. तिथे "खोकला आहे" एवढंच सांगून गप्प बसू नका, नाहीतर परत सिरप. सांगा की २००५ ते २०१० उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याच्या धुरात काम होतं, आठवड्याचे किती दिवस, किती तास, राहायची जागा किती लांब, मग मायनिंगची धूळ, सिगरेट किती वर्षं आणि रोज किती, घरी चूल. हे घरीच एका कागदावर लिहून न्या म्हणजे ओपीडीत दोन मिनिटं मिळाली तरी डॉक्टरांच्या हातात कागद राहतो. मग थुंकीची तपासणी, ईसीजी, फुंकायची टेस्ट म्हणजे पीएफटी, ती पंप (इनहेलर) घेण्याआधी आणि घेतल्यानंतर अशी दोन्ही, आणि सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघतात ती. फुंकायच्या टेस्टमध्ये काही निघालं नाही आणि तरी दम लागतोच आहे तर डॉक्टरांना डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ती टेस्ट) आणि श्वास घेऊन-सोडून काढतात त्या एचआरसीटी या बारीक सीटी स्कॅनबद्दल विचारा. तुकडा काढायची वेळ बहुतेकांवर येत नाही, त्याची भीती बाबांना आधीच घालू नकोस. आणि रक्त पडलं, वजन उतरलं, रात्री झोपेतून दम लागून उठले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जायचं.

इलाज काय असं विचारशील. आक्रसलेल्या नलिका पूर्वीसारख्या होत नाहीत, हे खरं आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पण दमा किंवा सीओपीडी निघाला तर पंपाने खूप फरक पडतो, श्वासाचे व्यायाम शिकवतात त्याने पायऱ्या चढायची ताकद वाढते, फ्लू आणि न्यूमोनियाची लस मिळते. पंप घेतला की सवय लागते, फुप्फुसं कमजोर होतात असं कुणी सांगायला आलं तर ऐकू नका, पंपाचं औषध थेट जागेवर जातं आणि गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं.

आता तो एजंट. त्याला एक पैसा देऊ नका. त्याने दाखवलेला व्हिडिओ खोटा नाही पण तो बाबांचा नाही. १० ऑगस्ट २०२२ला अमेरिकेत पॅक्ट अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला, त्यात अशा धुरात राहिलेल्या माजी सैनिकांना ठराविक आजारांसाठी, आजार धुरानेच झाला याचा पुरावा न मागता लाभ मिळतात. तो त्यांच्या सैनिकांसाठी आहे. लाँड्रीत, किचनमध्ये, सफाईला जे भारतीय, नेपाळी, फिलिपिनो कंत्राटी कामगार होते ते त्याच खड्ड्याच्या बाजूला त्याच हवेत होते पण या कायद्यात बसत नाहीत. मला हे वाचून फार राग आला होता, अजून येतो.

पण बाबांसारख्यांसाठी एक वेगळा, जुना कायदा आहे आणि तो आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. १९४१चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट. अमेरिकन सरकारच्या कंत्राटावर परदेशातल्या तळावर काम करणारा माणूस, मग तो कुठल्याही देशाचा असो, कामामुळे जखमी किंवा आजारी झाला तर कंपनीच्या विम्यातून औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मागू शकतो. तिथल्या कामगार खात्याकडे एलएस-२०३ नावाचा फॉर्म जातो. कामातून होणाऱ्या आजारासाठी मुदत साधारण दोन वर्षं, पण ती नोकरी सुटल्यापासून नाही, तर हा आजार त्या कामाशी जोडलेला आहे आणि त्यामुळे कमाईवर परिणाम झालाय हे कळल्यापासून किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून धरतात. म्हणजे डॉक्टर ज्या दिवशी कागदावर काही लिहितील ती तारीख महत्त्वाची, आणि तोवर घोळ घालत बसू नये. या दाव्यात वकिलाची फी तिथल्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय घेताच येत नाही, म्हणून आगाऊ १५ हजार मागणारा माणूस कोण आहे ते तूच ठरव. पैसे मिळतीलच असं मी अजिबात म्हणत नाहीये. सिगरेटचा इतिहास आहे, कंपनीचा विमावाला तोच पकडेल. पण बाबांचा तळाचा बॅज, पगाराच्या स्लिपा, काँट्रॅक्ट, जुने पासपोर्ट, जे काही ट्रंकेत आहे ते फेकू नका, दर पावसाळ्यात कागद कुजतात आपल्याकडे, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ट्रंक मात्र बाबांनीच उघडायची.

भावाचं. 'अडवू कसं' असं विचारलंस, पण तो २३चा आहे आणि पासपोर्ट त्याचा आहे. तू रडून, देवाची शपथ घालून कदाचित थांबवशीलही, आणि मग तो तीन वर्षं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काँट्रॅक्टवर कुठेतरी राबून प्रत्येक भांडणात तुला ते ऐकवेल. मला वाटतं त्याला निदान पूर्ण माहितीवर नाही म्हणू दे किंवा हो म्हणू दे. सगळे कॅम्प बलद नसतात. २००९नंतर अमेरिकेने नियम कडक केले, मोठ्या तळांवर इन्सिनरेटर आले, पण खड्डे संपले असंही नाही, २०१९मध्ये त्यांच्याच संरक्षण खात्याच्या अहवालात सीरिया, अफगाणिस्तान आणि इजिप्त मिळून ९ चालू खड्डे होते. म्हणजे कुठला कॅम्प, यावर सगळं आहे, आणि तुझ्या भावाला अजून कॅम्पाचं नावच सांगितलेलं नाही! 'कुवेतला उतरल्यावर कळेल' हे उत्तर २००५ला चालून गेलं, आता चालवून घेऊ नका.

त्याने एजन्सीला ईमेलवर विचारावं, फोनवर नाही: कुठला तळ, कचरा कसा नष्ट करतात, राहायचे कंटेनर त्यापासून किती लांब, हेल्पर म्हणजे नक्की काय काम आणि कचऱ्याच्या गाडीवर पाठवणार का, डिफेन्स बेस अ‍ॅक्टचा विमा आहे का आणि तो काँट्रॅक्टमध्ये लिहिलाय का. हे विचारल्यावर जी एजन्सी चिडते किंवा दुसरा पोरगा बघतो म्हणते तिथे जाऊ नये, यावर मी ठाम आहे. एजन्सीचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर आहे का बघा, आणि नोंदणी असलेला एजंट ३० हजार अधिक जीएसटी याच्यावर सेवाशुल्क घेऊ शकत नाही. गेलाच तर जायच्या आधी स्वतःची फुंकायची टेस्ट करून रिपोर्ट घरी ठेवावा. गल्फच्या मेडिकलमध्ये एक्सरे काढतात तो टीबी वगैरे बघायला, फुप्फुसाची ताकद त्यात मोजत नाहीत, आणि उद्या दम लागला तर आधी कसा होता याचा कागद लागतो, जो बाबांकडे नाही. तळावर फोटो काढायला सहसा बंदी असते, त्याच्या भानगडीत पडू नये, पण साधी डायरी लिहावी, आज धूर होता, इतके तास, डोळे चुरचुरले, दवाखान्यात गेलो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ने कण अडतात पण गॅस नाही. आणि खोकला दोन महिने टिकला तर काँट्रॅक्ट तोडून परत यायचं, घरातलं कुणी त्याला पैशाचं विचारणार नाही, हे त्याला आधी सांगा. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. बाबा पाच वर्षं कशाला राहिले असतील, घरचे पैशाची वाट बघत होते म्हणूनच ना?

तारवावर, म्हणजे बोटीवर, इन्सिनरेटर सांभाळणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी आणि शांतिसेनेत किंवा सीमेवर गेलेल्या जवानांच्या घरच्यांनीही हे वाचलं तर टेस्टचं, डायरीचं आणि डॉक्टरांना कामाचा इतिहास सांगायचं त्यांनाही तसंच लागू आहे, भरपाईचे नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे.

राहिलं हे सगळं घरात बोलायचं कसं. तू भावाशी भांडू नकोस आणि बाबांना पटवू नकोस. भावाला जी यादी विचारायचीय ती घेऊन दोघं बाबांसमोर बसा, जेवताना नको, संध्याकाळी बाहेर बलकांवावर बसतात ना तेव्हा. आणि त्यांना सांगा की हा जाणार आहे, तुम्ही पाच वर्षं काढलीत, एजन्सीला काय काय विचारायचं ते तुम्हालाच माहीत. त्यांच्या खोकल्याचा विषयच काढू नका त्या दिवशी. ज्याला तिथलं माहीत आहे असा तुमच्या घरात एकच माणूस आहे आणि त्याला आजवर कुणी नीट विचारलेलंच नाही, फक्त पैसे किती पाठवले ते विचारलं. पहिला प्रश्न भावाने विचारावा, साधाच, "बाबा, तुमची झोपायची खोली त्या खड्ड्यापासून किती लांब होती?" मग दोघं गप्प राहा, त्यांना वेळ लागेल.